लेकीसाठी चिअर जिम कशी निवडावी? (वय ६, डॅलसच्या उत्तरेला)

सोफामोडी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय तर सांभाळून घ्या.

लेक सहा वर्षांची. दीड वर्ष आठवड्यातून एकदा टम्बलिंगला (कोलांट्या-उड्या) जाते, कार्टव्हील दोन्ही बाजूंनी येते, ब्रिज (मागे वाकून कमान) करून पाय भिंतीवर मारून पलटते, आणि घरातल्या सोफ्याची जी अवस्था झालीय त्यावरून माझा आयडी. आता तिच्या दोन मैत्रिणी ऑलस्टार चिअरच्या, म्हणजे जिमतर्फे स्पर्धेत उतरणाऱ्या चिअरलीडिंगच्या टीममध्ये आहेत, त्यांच्या डोक्यावरचे ते रिबिनीचे ताटाएवढे बो बघून हिला पण तेच पाहिजे. मे महिन्यात ट्रायआउट आहेत म्हणजे हातात जेमतेम पाच आठवडे.

दोन जिम बघितल्या. पहिली मोठी, घरापासून टोलवेने ४० मिनिटं, तीन फ्लोअर, स्वतःचं दुकान, भिंतीवर छतापर्यंत बॅनर. काउंटरवरच्या बाईंनी हिला बघितलं आणि लगेच म्हणाल्या, किती चिमुकली आहे, हिला आपण फ्लायर करू. लेक हवेत. दुसरी १२ मिनिटांवर, जुनं गोडाऊन आहे, मालकीण स्वतः छोट्यांना शिकवते, काचेतून सगळं दिसतं, बॅनर चार-पाच. मोठीवाले म्हणाले पालकांना प्रॅक्टिस बघायला महिन्यातून एकदाच.

नवरा म्हणतो जवळची घे आणि विषय संपव. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "आयपीएलमध्ये चौकार मारल्यावर नाचतात त्याच ना गं या?" मला यातलं काहीच कळत नाही, मी लहानपणी खो-खो खेळलेय. काय विचारायचं, काय बघायचं, खर्च किती, आणि मुळात हे सेफ आहे का?

बॅकस्पॉटचा_बाबा

हा धागा बघून पासवर्ड रिसेट करून लॉगिन केलंय. आमची पाच वर्षं या खेळात गेलीत, टायनीपासून, म्हणजे अगदी छोट्यांच्या गटापासून सुरू केलं, आता लेक ज्युनियर टीममध्ये आहे. डॅलसमध्येच.

आधी ते बॅनर. ते मोजू नका. या खेळात वयाचे गट, त्यात लेव्हल, त्यात परत मोठी जिम छोटी जिम असं वेगळं, म्हणजे साधारण सव्वाशे पोरांपर्यंतच्या जिमला डी-टू म्हणतात ते वेगळे, असे इतके तुकडे पडतात की एकेका गटात कधी दोन-तीनच टीम उरतात. आमची पोर पहिल्या वर्षी "नॅशनल चॅम्पियन" झाली तेव्हा मी साताऱ्यापर्यंत सगळ्यांना व्हॉट्सॅप केला, आत्याने पेढे वाटले, आणि मग निकालाचा कागद नीट वाचला तर गटात दोन टीम, त्यातल्या दुसरीचा स्टंट, म्हणजे पोरीला वर उचलून धरतात तो, पडला होता. जॅकेट मात्र खरं मिळालं. अजून आहे, आता होत नाही तिला.

दुसरं म्हणजे फ्लायर करू हे वाक्य. एका स्टंट ग्रुपमध्ये वर एक जाते ती फ्लायर, खाली दोन बेस, मागे एक बॅकस्पॉट. म्हणजे चारातल्या तिघी जमिनीवरच असतात हो. आज चिमुकली आहे म्हणून वर, दोन वर्षांत उंची वाढली की खाली, आणि ज्या पोरीला पहिल्या दिवसापासून "तू फ्लायर" असं सांगितलेलं असतं तिला तो दिवस फार जड जातो. आमची टीममधली सगळ्यात उंच, म्हणून मागे उभी असते. वरची डगमगली की पहिला हात हिचा. माझा आयडी उगाच नाही.

तिसरं, लेव्हल. लेव्हल १ ते ७ आहेत आणि तुमची लेक जिथे कुठे जाईल तिथे १ मध्येच असेल. लेव्हल १ ला बॅक हँडस्प्रिंग (मागे हातांवर पडून घ्यायची उडी) चालत नाही. रोल, कार्टव्हील, राउंडऑफ, वॉकओव्हर एवढंच. स्टंट पण हात पूर्ण ताणून डोक्यावर न्यायचा नाही. त्यामुळे वर्षभरात हँडस्प्रिंग काढून देतो असं कुणी ट्रायआउटच्या आधीच म्हणायला लागलं तर तो टीमचा विचार करत नाहीये, प्रायव्हेट लेसन विकतोय.

फ्लोअर बघा. पूर्ण स्पर्धेचा फ्लोअर म्हणजे सहा फुटी नऊ पट्ट्या, ५४ फूट रुंद, ४२ फूट खोल, खाली स्प्रिंग. काही ठिकाणी अर्ध्यावरच भागवतात, मग स्पर्धेच्या दिवशी पोरं जागा शोधत फिरतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, एक पूर्ण प्रॅक्टिस बघा, पण वर गेलेल्या पोरीकडे नका बघू, सगळे पालक तिच्याचकडे बघतात. पडताना काय होतं ते बघा. कोच किती लांब होती, खालच्या पोरींनी हात काढून घेतले की पुढे केले, पडल्यावर कोच ओरडली की पुन्हा तेच हळू करून घेतलं. वीस मिनिटांत जिम कळते.

टोणगा

म्हणजे टाळ्या वाजवायला शिकायचे हजारो डॉलर? आमच्या चाळीत गणपतीच्या आरतीला फुकट शिकवतात.

अटलांटा_माई

टोणगेश्वर आले, आता धागा शंभरी गाठणार.

सोफामोडी, खर्चाचं मी सांगते कारण बाकी कुणी आकडा सांगत नाही, लाज वाटते सगळ्यांना. माझ्या मुलीचं मागच्या सीझनचं, मिनी वयोगट, पूर्ण टीम: महिन्याला १७५ डॉलर असे ११ महिने म्हणजे १९२५. युनिफॉर्म ४२०. बूट ९५, पांढरे, घराबाहेर घालायचे नाहीत. प्रॅक्टिसचे कपडे १५०. कोरिओग्राफी आणि म्युझिक मिळून ३००. सहा स्पर्धांची फी ८५०. मेंबरशिप वगैरे धरून ३८०० च्या आसपास. हे नुसतं जिमला दिलेलं. यात हॉटेल नाही, पेट्रोल नाही, आणि आपल्याच पोरीला बघायला आपलं तिकीट वेगळं काढायचं ते नाही. बाहेरगावच्या काही स्पर्धांना स्टे टू प्ले असतं, म्हणजे त्यांच्या यादीतल्याच हॉटेलात राहायचं, बहिणीकडे राहते म्हटलं तर चालत नाही. माझी बहीण स्पर्धेच्या हॉलपासून दहा मिनिटांवर राहते!! पोहे तयार, गाद्या घातलेल्या, आणि आम्ही हॉटेलात.

तुम्ही मात्र प्रेप टीम आहे का ते विचारा. पूर्ण टीमला एलिट म्हणतात, त्यांचं रुटीन अडीच मिनिटांचं, प्रेपचं दोन मिनिटांचं, प्रॅक्टिस कमी, स्पर्धा कमी आणि जवळच्या. काही जिममध्ये हाफ सीझन पण असतो. आणि त्याच्याही खाली नॉव्हिस असतं, त्यात नंबरच काढत नाहीत, नुसतं रेटिंग देतात, सगळी पोरं खूष. सहा वर्षांच्या पोरीला अडीच मिनिटांचं काय करायचंय, माझी तर पहिल्या वर्षी मधेच थांबून मला हात करत होती.

कलमकसाई

टोणगाभाऊ, तुमचा प्रश्न, म्हणजे हा खेळ तरी आहे का, अमेरिकन कोर्टाला पण पडला होता. कनेटिकटमधल्या क्विनिपिआक विद्यापीठाने मुलींची व्हॉलीबॉल टीम बंद करून त्या जागी चिअरची टीम दाखवली, पोरी कोर्टात गेल्या, आणि २०१० मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं की कॉलेजातलं स्पर्धात्मक चिअर अजून खेळ म्हणून धरण्याइतकं बांधलेलं नाही. दोन वर्षांनी बालरोगतज्ज्ञांची संघटना, अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, बरोबर उलट बोलली, की याला खेळ म्हणा, म्हणजे निदान शिकलेले कोच आणि डॉक्टर तरी मिळतील या मुलांना. २०२१ ला ऑलिंपिक समितीनेही चिअरच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली, ऑलिंपिकमध्ये अजून नाहीये तो भाग वेगळा.

माईंच्या पोह्यांचं दुःख समजलं. या धंद्यातल्या मोठ्या स्पर्धा, युनिफॉर्म, कॅम्प असं बरंचसं एकाच कंपनीकडे, व्हर्सिटीकडे आहे, आणि मक्तेदारीच्या दाव्यांत त्यांनी आधी ४ कोटी ३५ लाख आणि मग २०२४ मध्ये ८ कोटी २५ लाख डॉलरची तडजोड केलीय. म्हणजे खर्च जास्त वाटतो तो तुमच्या एकटीच्या मनाचा खेळ नाही.

आणि सासूबाईंना सांगा की चिअरलीडिंगची सुरुवात पुरुषाने केली, १८९८ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात, जॉनी कॅम्पबेल नावाच्या पोराने. त्यात मुली पुष्कळ नंतर आल्या. आयपीएलवाल्या २००८ च्या, त्यांचा याच्याशी संबंध पोम-पोमपुरता.

रिटायर्ड_गोविंदा

मला हा धागा वाचायचं काही कारण नव्हतं, मुलगा क्रिकेट खेळतो, पण स्टंट शब्द दिसला आणि थांबलो.

९० च्या दशकात परळ-लालबागला दहीहंडीचे थर लावलेत. आमचा एक्का, म्हणजे सगळ्यात वरचा, नऊ वर्षांचा. खाली डांबरी रस्ता, हेल्मेट हा शब्द माहीत नव्हता, वरून बादल्यांनी पाणी. दोनदा पडला, दोनदा लोकांच्या अंगावर, म्हणून वाचला. मी दुसऱ्या थराला असायचो, आजही उजवा खांदा पावसाळ्यात बोलतो. २०१४ ला हायकोर्टाने १८ च्या खालच्यांना मनाई केली आणि उंची २० फुटांवर आणली तेव्हा आम्ही सगळे चिडलो होतो, पुढे २०१७ ला ते १४ वर्षांवर आलं आणि उंचीची अट गेली. आता स्वतःला मुलगा आहे तर वाटतं चिडायला काय झालं होतं आम्हाला.

मागच्या वर्षी मित्राच्या मुलीची स्पर्धा बघायला गेलो, डॅलसच्या कन्व्हेन्शन सेंटरला फेब्रुवारी-मार्चमध्ये मोठी होती ना, ती. एक गोष्ट बघून चकित झालो. आमच्यात खालच्या थराने वर बघायचं नाही, मान खाली, हात खांद्यावर, वर बघितलंस की गेलास. इथे बरोबर उलटं, बेसने वरच्या मुलीवरून नजर काढायचीच नाही. सात-आठ वर्षांच्या पोरी, माना वर, डोळे मिचकावत नाहीत. म्हणजे ती पडणार हे तिच्या आधी खालच्यांना कळतं. बॅकस्पॉटच्या बाबांनी पडताना बघा म्हटलंय ते शंभर टक्के.

फिजिओमावशी

सेफ आहे का, याचं उत्तर हो किंवा नाही असं नाहीये. माझ्याकडे चिअरच्या पोरी येतात त्यात घोटा, मनगट, पाठ जास्त. डोक्याला मार लागणाऱ्यांत लोकांना वाटतं फक्त फ्लायर, पण खालच्या पोरींना वरून येणारं कोपर आणि गुडघा लागतं, त्या बेस पण तितक्याच येतात. जिमला एकच विचारा, डोकं आपटलं तर काय करता. "बर्फ लावतो आणि बसवतो" हे उत्तर असेल तर नमस्कार करून निघा. त्या दिवशी परत फ्लोअरवर नाही, आणि डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय नाहीच, हे न अडखळता यायला पाहिजे. मनगटाचं पण सांगते, सहाव्या वर्षी रोज घरी हँडस्टँड आणि वॉकओव्हरचे रतीब घालायला लावू नका, हाड वाढतंय अजून.

आता दुसरं, जे इथे कुणी लिहिलं नाही. २०२२ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या एका जिमवर लहान मुलामुलींच्या लैंगिक शोषणाचे खटले दाखल झाले, मग इतर राज्यांतही झाले. त्यामुळे संकोच न करता विचारायचं. ऑलस्टारची संघटना आहे यूएसएएसएफ, २००३ पासून, तिच्याकडे सगळ्या प्रौढ कोचची मेंबरशिप, बॅकग्राउंड चेक आणि मुलांच्या संरक्षणाचं ट्रेनिंग लागतं. जिम मेंबर आहे का, प्रत्येक कोच आहे का. सेफस्पोर्ट म्हणून राष्ट्रीय केंद्र आहे, कारवाई झालेल्यांची यादी त्यांच्या साइटवर नावाने शोधता येते, पाच मिनिटं लागतात, शोधा. आणि नियम असा पाहिजे की मोठं माणूस आणि मूल एकटं बंद खोलीत नाही, कोचचे मेसेज मुलीला थेट नाहीत, आई-बाबांना. टेक्ससमध्ये मुलाला त्रास होतोय असा संशय आला तरी कळवणं प्रत्येक माणसाला कायद्याने बंधनकारक आहे, फक्त शिक्षक-डॉक्टरांना नाही.

प्रॅक्टिस महिन्यातून एकदाच दाखवणारी जिम लगेच वाईट असं मी म्हणणार नाही, काचेला नाक लावलेल्या वीस आया बघितल्या की मी कोच असते तर मी पण पडदा लावला असता. पण कॅमेरा आहे का, मधेच आत आलं तर चालतं का, हे विचारा आणि उत्तर देताना चेहरा बघा.

जुनी_खोड

आमचा कडू अनुभव. जिमचं नाव लिहीत नाही, राज्य पण नाही. मुलगी सात वर्षांची असताना ट्रायआउटला लेव्हल १ मध्ये घेतलं, ऑगस्टमध्ये म्हणाले हिची प्रगती छान आहे, लेव्हल २ मध्ये पोरी कमी पडतायत, तिकडे घेऊ. आम्ही पण फुशारलो. तिला हँडस्प्रिंग एकटीने येत नव्हती, मग आठवड्याला अर्ध्या तासाचा प्रायव्हेट, मग दोन. ऑक्टोबरमध्ये एकदा हात मुडपून डोक्यावर पडली. लागलं नाही फारसं, पण दुसऱ्या दिवसापासून मागे जायचंच बंद. मॅटवर उभी राहायची, हात वर, गुडघे वाकवायची, आणि तशीच. दहा मिनिटं. ब्लॉक म्हणतात त्याला, पुष्कळ पोरांना येतो हे मला नंतर कळलं. कोच लांबून आकडे मोजायची, पाच, सहा, सात, आठ, आणि आठला काहीच व्हायचं नाही, आणि बाकीच्या पोरी वळून बघायच्या.

नोव्हेंबरला काढलं तर करारात उरलेल्या सीझनची फी. भरली.

आता बागेत कार्टव्हील सुद्धा मारत नाही. पोहायला जाते.

अटलांटा_माई

जुनी_खोड 🙁 विचारायचं राहिलंच माझं लिहिताना. करार ट्रायआउटच्या आधी मागून घ्या, ट्रायआउटच्या दिवशी पोर नाचत असते आणि आपण न वाचता सही करतो.

सोफामोडी

बापरे किती लिहिलंत सगळ्यांनी, मी काल रात्री दोनदा वाचलं. जुनी_खोड, ते आठ आकडे वाचून पोटात कालवलं.

मोठ्या जिमचा करार मागवला. सोळा पानं. ऑटो-पे, मधेच सोडलं तर फी चालू, आणि एक ओळ आहे की स्पर्धेच्या आधीच्या दोन आठवड्यांत गैरहजेरी चालणार नाही. पहिली स्पर्धा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, दुसरी जानेवारीच्या मध्यात. आणि आमच्या घरी २७ डिसेंबरला पुण्यात चुलतदिराचं लग्न, तिकिटं काढलेली, १६ डिसेंबर ते ६ जानेवारी. काय करू?

दुसरं, आम्ही मागच्याच महिन्यात हिचे कान टोचलेत, सोनाराकडून, आजीच्या हट्टाने. काढले तर बुजतील म्हणतात. प्लास्टर लावून चालतं का?

बॅकस्पॉटचा_बाबा

नाही चालत. दागिना कुठलाच नाही, मेडिकल ब्रेसलेट सोडून. प्लास्टर लावून पण नाही, स्पर्धेत दिसलं तर टीमचे गुण जातात. काळे मणी, वाळे, मनगटाला बांधलेला दोरा, सगळं उतरवायचं, आमच्या आईने मंतरून पाठवलेला गंडा मी बॅगेच्या चेनला बांधून ठेवलाय. कान सहा-आठ आठवडे भरू द्या, मे अखेर होईल तोपर्यंत.

तेल पण. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. पहिल्या वर्षी बायको रविवारी सकाळी डोक्यावर खोबरेल थापायची, दुपारी दोनला प्रॅक्टिस. एक दिवस कोच लेकीची पोनीटेल बांधायला गेली आणि मग आपले हात बघत उभी राहिली. तेच तेल पोरीच्या हाताला, हाताचं दुसरीच्या पायाला, आणि बुटाच्या वर घोटा धरतात तिथून ती सरळ सुटली. पडली नाही, कोचने कंबरेला धरली. पण तेव्हापासून आमच्याकडे तेल शुक्रवारी रात्री आणि शनिवारी शाम्पू. लोशन पण नाही.

लग्नाचं. एक पोर नसली की चौघींचा स्टंट बंद पडतो, बाकी तिघी तीन आठवडे भिंतीला टेकून. तुम्ही काही चूक करत नाही आहात, पण ते ट्रायआउटच्या फॉर्मवर लिहून द्या, तोंडी नाही. काही जिम अ‍ॅडजस्ट करतात, काही सरळ नाही म्हणतात, दोन्ही ठीक. नोव्हेंबरमध्ये सांगितलंत तर मात्र वाईट तुम्ही. उन्हाळ्यात पण एक आठवडा कोरिओग्राफीचा असतो, तोही आत्ताच विचारून ठेवा.

एडिसनकर

अवांतर: त्यापेक्षा मल्लखांब लावा. आमच्याकडे न्यू जर्सीत आहे, आठ-दहा वर्षांची पोरं दोरीवर जे करतात ते बघून अमेरिकन आया तोंडात बोट घालतात. खर्च निम्म्याहून कमी आणि मेकअप नाही.

टोणगा

शेवटी एक तरी शहाणा भेटला.

अटलांटा_माई

एडिसनकर, डॅलसमधल्या बाईला न्यू जर्सीतलं मल्लखांब सांगून काय उपयोग, रोज विमानाने पाठवेल का ती? मेकअपचं मात्र मान्य. सहा वर्षांच्या पोरीला चमकीची लाली. माझ्या आईने फोटो बघून विचारलं, "बोहल्यावर चढवताय का?" आमच्या आताच्या जिममध्ये छोट्यांना फक्त चमकीचा एक टिपका असतो आणि युनिफॉर्मचं पोट झाकलेलं, ते पण आधी विचारता येतं. विचारा.

सोफामोडी

अपडेट. दोन्हीकडच्या प्रॅक्टिस बघितल्या, आणि माझी पार उलटापालट झालीय.

आधी जवळची, जिच्यात मी मनाने आधीच नाव घातलं होतं. मालकीण गोड, सगळ्या पोरींची नावं पाठ, आल्या आल्या मिठ्या. नऊ मुली, दोन स्टंट ग्रुप, कोच एकटी तीच. आणि काउंटरवर पण तीच. एक ग्रुप वर होता, म्हणजे काय तर फ्लायर दोघींच्या मांड्यांवर उभी, तेवढ्यात एक बाबा पैसे भरायला आले आणि ही "होल्ड इट गर्ल्स" म्हणत कार्ड मशीनपाशी गेली. पोरी होल्ड करून. वरच्या पोरीचा डावा पाय हळूहळू घसरत होता, बेसच्या शॉर्टची घडी तिच्या बुटाबरोबर खाली येताना मला काचेतून दिसत होती. शेवटी ती स्वतःच उडी मारून उतरली, बरी उतरली. पंचेचाळीस मिनिटांत हे दोनदा झालं. फ्लोअर पण मी मोजला, पाच पट्ट्या.

मग मोठी. बघायचंय म्हणून परत फोन केला, नाही म्हणाले, मग मी सांगितलं की बघितल्याशिवाय ट्रायआउटला येणार नाही, तर चक्क या म्हणाले. टायनींना शिकवायला एक पन्नाशीच्या बाई आणि बरोबर एक कॉलेजची मुलगी. मला वाटलं होतं झगमगाट असेल, पण त्या बाईंनी पहिली पंधरा मिनिटं कुणाला वर चढवलंच नाही. नुसतं उतरणं. एक पोरगी फोमच्या ठोकळ्यावर उभी, गुडघाभर उंचीचा असेल, ती सरळ खाली येणार आणि दोघी बाजूने हात पुढे करून आणि एक मागून काखेत धरून तिला झेलणार. मग जागा बदलायच्या. सगळ्यांनी सगळीकडे उभं राहायचं, माझ्या लेकीएवढीच एक जरा गुबगुबीत पोर होती ती पण ठोकळ्यावर चढली आणि सगळ्यांनी तिला पण झेललं. एकीने घाबरून हात मागे घेतले तर बाई तिच्या मागे गुडघ्यावर बसल्या, तिच्या हाताखाली स्वतःचे हात धरले आणि परत. रिटायर्ड_गोविंदा, त्या सारखं "आईज अप, आईज अप" म्हणत होत्या, तुमची आठवण आली.

डोकं आपटलं तर काय, याचं उत्तर न अडखळता आलं. कोचची नावं शोधली, यादीत काही नाही. फ्लायर करू म्हणणाऱ्या काउंटरवरच्या बाईंबद्दल विचारलं तर कोचबाई हसल्या, म्हणाल्या त्या सगळ्यांनाच म्हणतात.

पण ४० मिनिटं. मंगळवार-गुरुवार साडेपाच, म्हणजे टोलवेवर ऐन गर्दीत. परत येताना लेक गाडीत पराठ्याचा तुकडा हातात धरून झोपली, तशीच उचलून आणली.

फिजिओमावशी

उतरणं आधी शिकवणारी कोच सोडू नकोस गं. पण आठवड्यात दोनदा झोपलेलं पोर उचलून आणणं पण वर्षभर जमत नाही, ते पण खरं.

जुनी_खोड

काउंटरचं त्या जवळच्या मालकिणीला सांगितलंस का? सांग. तिला कदाचित कुणी बोललंच नसेल.

सोफामोडी

सांगितलं, ईमेल केला, रागावेल असं वाटलं होतं. उत्तर आलं की बरोबर आहे, उन्हाळ्यानंतर माणूस ठेवतेय, तोपर्यंत प्रॅक्टिसच्या वेळी काउंटर बंद. बघू.

तर आमचं ठरलंय ते असं. मे महिन्याचा ट्रायआउट कुठेच देत नाही. उन्हाळाभर जवळच्या जिममध्ये फक्त टम्बलिंग, तिथे स्टंट नाहीतच. मोठ्या जिमला हाफ सीझनची टायनी टीम आहे, ऑक्टोबरमध्ये सुरू, आठवड्यातून एकच दिवस आणि तो शनिवारी सकाळी, पहिली स्पर्धा फेब्रुवारीत. लग्नाच्या तारखा फॉर्मवर लिहून देणार, कोचबाई म्हणाल्या तीन आठवडे चालतील. त्याच बाई शिकवणार आहेत का हे पण विचारलं, हो. नवरा म्हणतो शनिवारचं ४० मिनिटं मी करीन, तेवढंच पॉडकास्ट.

लेकीला समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की बो आत्ताच मिळेल की ऑक्टोबरमध्ये.

अटलांटा_माई

आमच्याकडे जुने सहा पडलेत, टीमचं नाव लिहिलेले. नावावर टिकल्या चिकटवून पाठवते, पत्ता व्यनि (खाजगी निरोप) कर.

बॅकस्पॉटचा_बाबा

हाफ सीझनचा करार हातात आला की सहीच्या आधी इथे विचारा. पेमेंटच्या तारखा कोरिओग्राफीच्या आधीच्या आहेत का तेवढं बघा, आणि "नॉन रिफंडेबल" कुठल्या रकमेसमोर लिहिलंय ते. आमच्या वेळी ते फक्त युनिफॉर्मसमोर आहे असं मला वाटलं होतं.